ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडलं? विकण्याआधी हातात घालून पाहा
पिपरी मेघे : लग्नात मिळालेलं एचएमटी कांचन अजूनही काही घरांत पेटीत पडून आहे. काढून पाहिलं तर बंद. मग खराब झालं समजून लोक ते मिळेल त्या भावात देऊन टाकतात. पण या घड्याळात सेल नसतोच. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते.

दिवसभर घालून काढून ठेवलं तर ते साधारण 40 तास चालतं. म्हणजे शनिवारी रात्री 9 वाजता काढलेलं सोमवारी दुपारपर्यंत थांबणारच. हा बिघाड नाही. वेळ लावा, दिवसभर हातात घाला. त्यानंतरही रात्रभरातच बंद पडलं, तर घड्याळवाल्याकडे न्या. आतलं तेल वाळलं असेल, सर्व्हिसिंग लागेल. वडिलांची आठवण भंगारात घालू नका.