नवे घर बांधताय? आधी फक्कीने आखून पाहा



ऊस नोंदीच्या आणि लागण पाहणीच्या निमित्ताने शिरूर-दौंड भागात गटागटांतून फिरणे होते. प्लॉट पाहून झाला की चहाला घरी जाणे ओघाने आलेच. अलीकडे बऱ्याच वस्त्यांवर नवे बांधकाम चालू दिसते. उसाचे बिल हाती आले, मुलाचे लग्न तोंडावर आले, की जुने पत्र्याचे घर पाडून स्लॅबचे घर उभे राहते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण चहा देता देता घरातली बाई हळूच म्हणते, "साहेब, घर झालं झकास, पण काम करायला जागाच नाही." हे वाक्य इतक्या घरांत ऐकले, की या वेळी उसाचा विषय बाजूला ठेवून घराच्या आखणीबद्दल लिहावेसे वाटले.

मी काही इंजिनिअर नव्हे. कॉलम केवढा, सळई किती जाडीची, हे जाणकार माणसालाच विचारावे, तिथे गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नये. पण कोणती खोली कुठे आणि केवढी, हे इंजिनिअरला आपण सांगायचे असते. नेमके तेच आपण सांगत नाही.

आपण काय करतो? पुण्याकडे पाहुण्याचा फ्लॅट पाहतो. हॉल, किचन, दोन बेडरूम. तोच नकाशा जरा मोठा करून रानात आणून ठेवतो. फ्लॅटातला माणूस सकाळी कामाला बाहेर जातो, त्याचे घर राहण्यापुरते असते. आपले निम्मे काम घरातच असते. धारा काढायच्या, बाजरी वाळवायची, कांदा निवडायचा, शेंगा फोडायच्या. खताच्या गोण्या, मोटारीचे सामान, ठिबकच्या नळ्या ठेवायच्या. तोडणीच्या दिवसांत मुकादम आणि ट्रॅक्टरवाला दारात बसलेले. जुन्या घरात या प्रत्येकाला जागा होती. ओसरी आल्यागेल्याला, पडवी कामाला, माजघर धान्याला आणि बाळंतिणीला, परस भांड्या-धुण्याला. नव्या नकाशातून ओसरी, पडवी आणि परस तिन्ही गेले, आणि त्यांचे काम सोफासेट ठेवलेल्या हॉलमध्ये येऊन पडले.

दुसऱ्याला काय बोलू, मी स्वतः हेच केले. गावी घर बांधले तेव्हा एका नातेवाइकाचा नकाशा जसाच्या तसा घेतला. त्याचे घर पूर्वेला तोंड करून, माझे पश्चिमेला. तोंड फिरले तसे सगळेच फिरले. माझे स्वयंपाकघर आले पश्चिमेच्या भिंतीला. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या भाकरीच्या वेळी ती भिंत तव्यासारखी तापलेली असते. शिवाय संडास-बाथरूम जिन्याखाली, दोन पायऱ्या खाली उतरून. आईचे गुडघे धरल्यापासून त्या दोन पायऱ्यांसाठी रात्री कुणाला तरी उठावे लागते. नकाशा फुकट मिळाला होता, आता त्याची किंमत रोज देतो आहे.

ही चूक मोठ्या प्रमाणावर कशी होते ते किल्लारीला दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे अंगावर येऊन लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांनी आपल्या पैशातून घरे बांधली. ज्याची जमीन जेवढी त्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर. रस्ते सरळ आणि रुंद, घरे पहिल्यापेक्षा भक्कम. पण जनावर कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, बायांनी आडोशाला कुठे बसायचे, हे बऱ्याच ठिकाणी नकाशातच नव्हते. लोकांनी मग आपल्या हाताने पत्र्याची शेडे काढली, अंगणाला भिंती घातल्या. कित्येकांच्या संडासात सरपण आणि अडगळ जाऊन बसली. तिथे हजारो घरे घाईने उभी करायची होती, घरोघर विचारत बसायला वेळ नव्हता असे म्हणता येईल. आपल्याला मात्र एकच घर बांधायचे आहे आणि विचारायची माणसे घरातच आहेत.

तर माझे सांगणे एवढेच, की पाया खणण्याआधी नकाशा जमिनीवर उतरवा. कागदावरची दहा बाय बाराची खोली आपल्यापैकी अनेकांना डोळ्यासमोर येत नाही, मलाही येत नाही. जागा साफ करून घ्या, टेप लावा, आणि घर जेवढे आहे तेवढेच फक्कीने आखा. दारे सोडा. मग घरातून खरी बाज, कपाट, धान्याची कोठी उचलून आणा आणि आखलेल्या खोलीत ठेवा. बाजेच्या बाजूने हंडा घेऊन बाईला जाता येते का, कपाटाचे दार पुरते उघडते का, हे पाच मिनिटांत कळते. आठ दिवस ती आखणी तशीच राहू द्या. सकाळी, भर दुपारी आणि दिवस मावळताना त्यात उभे राहून पाहा. फक्की पुसून भिंत दोन फूट सरकवायला काही लागत नाही, वीट चढल्यावर मात्र लागते. सरी सोडण्याआधी आपण उतार पाहतोच ना!

आणि हे करताना घरातल्या बायांना पुढे करा, आपण मागे उभे राहा. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी स्वयंपाक करताना किती पावले पडतात याचा हिशेब करून स्वयंपाकघर आखले. सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. आजचे ओट्याचे किचन तिथूनच पसरत आले. हिशेब करण्याची रीत घेण्यासारखी आहे, माप मात्र घेऊ नये. ते एका बाईसाठी होते. आपल्याकडे सणासुदीला तिघी-चौघी एका वेळी राबतात आणि एखादी खाली बसूनच भाकरी थापते. तेव्हा आखणीत आपल्या घरच्या बाईला एक दिवसाचे काम चालून दाखवायला सांगा. चुलीपासून पाणी, पाण्यापासून मोरी, मोरीपासून गोठा. जिथे जास्त खेपा, ते जवळ आणा.

ऊन-वाऱ्याचे साधे गणित आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. स्वयंपाकघर आणि गोठा पूर्वेच्या अंगाला असले, तर धूर आणि वास घरात न शिरता बाहेर जातो. वास्तुशास्त्र मानणारेही स्वयंपाकाला आग्नेय कोपराच सांगतात, तेव्हा घरात वाद व्हायचे कारण नाही. पश्चिमेचे उतरते ऊन छज्जाने अडत नाही. त्या बाजूला जिना, कोठीची खोली, न्हाणी असे काही ठेवावे, म्हणजे झळ त्यांनी खावी.

आता काळजीची गोष्ट. संडास घराच्या मागे, उसाच्या कडेला बांधायची आपली जुनी खोड आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात बिबट्या उसातच व्यातो आणि उसातच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. आता तरी रात्री लेकराला किंवा म्हाताऱ्या माणसाला उसाच्या कडेने जावे लागेल असा नकाशा कुणी करू नये. संडास-न्हाणी घराच्या छताखालीच, पडवीतून दार असलेली, आणि उंबऱ्याखेरीज एकही पायरी नसलेली असावी. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वर छप्पर हवे, नुसती गव्हाण आणि कूड पुरत नाही. घर आणि उसाची पहिली सरी यांत निदान चाळीस-पन्नास फूट मोकळे अंगण राखा, तिथे दिवा लावा. दोन-चार सऱ्या कमी झाल्या तर आमच्या टनेजला काही होत नाही.

या मोकळ्या जागेचा दुसराही फायदा आहे. भीमाकाठच्या काळ्या रानात पाणी मुरले की जमीन फुगते, वाळली की आक्रसते. भिंतीपर्यंत ऊस लावून पाट सोडला, की जोत्याला तडा गेलाच समजा. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. जोत्यात भर मुरमाची घालावी, खणून निघालेली काळी मातीच परत लोटू नये. घराभोवती तीन फूट फरशी बाहेर उतार देऊन करावी आणि मोरीचे पाणी लांब न्यावे.

खते-औषधांची खोली वेगळी, बाहेरून दार असलेली करा. युरिया ओल धरतो, तेव्हा गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून सोडून रचाव्यात. फवारणीची औषधे मात्र कुलपातच. माजघराच्या कोनाड्यात औषधाची बाटली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

राहिली भावाभावांची गोष्ट. दोन मुलगे असतील तर जिना बाहेरून ठेवावा. आज एकत्र चूल आहे ती टिकावी असेच सर्वांना वाटते. पण उद्या वेगळी मांडायची वेळ आलीच, तर वरच्याला खालच्याच्या घरातून जावे लागू नये. "साहेब, तुम्ही आत्ताच वाटण्या करायला निघालात," असे एक आजोबा मला म्हणाले होते. त्यांच्या धाकट्या सुनेने मात्र पाठीमागून मान डोलावली.

वरचा मजला पुढे कधीतरी म्हणून कॉलमच्या सळया उघड्या सोडतात आणि त्या वर्षानुवर्षे गंजत राहतात. पुढे बांधायचेच असेल तर त्यांवर सिमेंटचा दाट लेप किंवा कच्चे काँक्रीट घालून झाकावे. त्याहून बरे म्हणजे बिलाच्या पुढच्या हप्त्याच्या भरवशावर वरचा मजला न काढता, खालचे घर गिलावा, फरशी आणि न्हाणीसकट आधी पुरे करावे. बांधकाम परवानगीचेही आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे, कारण दोन्ही तालुक्यांतली काही गावे पीएमआरडीएच्या हद्दीत आहेत.

आखणीसाठी लांब टेप घरी नसेल, तर गट ऑफिसात प्लॉट मापणीचा पन्नास मीटरचा टेप आहे. शेतकी मदतनीसाला सांगून दोन दिवसांकरिता न्यावा. मात्र लागण नोंदीच्या आधी आठवणीने परत आणून द्यावा, कारण मागच्या वेळी एक टेप तीन आठवडे एका सभासदांच्या कोनाड्यात होता आणि आमचे लोक दोरीने मापत फिरत होते.