सुबाभूळ तोडली तरी पुन्हा फुटते? खोड आणि मुळं कायमची कशी मारायची, समजून घ्या

परसातली किंवा बांधावरची सुबाभूळ तोडली, लाकूड चुलीला लागलं, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर बुडख्यावर कोवळे धुमारे तरारलेले. कोयता मारला की एकाच्या जागी चार! मग कुणी बुंध्यावर रॉकेल ओततं, कुणी पोतंभर मीठ टाकतं, कुणी भोक पाडून हिंग भरतं. झाड मरेल याची खात्री यातल्या कशातच नाही. माती मात्र नक्की खराब होते, आणि जवळ विहीर असेल तर पाणीही. त्यामुळे काही करण्याआधी खोड का फुटतं, ते बघू.

खोड पुन्हा का फुटतं?

झाड तोडतो तेव्हा आपण फक्त वरचा भाग काढतो. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांत साठलेलं असतं आणि सालीखाली झोपलेले डोळे असतात. शेंडा गेला की हे डोळे जागे होतात आणि मुळांतल्या शिदोरीवर वाढतात. नवी पानं मोठी झाली की तीच मुळांना पुन्हा अन्न पुरवतात. म्हणजे खोड मारायचं तर मुळांची शिदोरी संपवायची, नाहीतर मूळच काढायचं.

सुबाभूळ यात सगळ्यात चिवट. १९७० च्या दशकापासून उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने तिचा चाऱ्यासाठी प्रसार केला, तो याच गुणामुळे. दीड-दोन महिन्यांनी कापत राहिलं की ती मरत नाही, उलट जोमानं फुटते. निलगिरी, शेवगा, कडुनिंब, करंज हीसुद्धा बुंध्यातून फुटतात. नारळ, सुपारी, ताड यांचं तसं नाही. शेंडा गेला की झाड संपलं, त्यांच्या खोडाला काहीच करायची गरज नाही.

पहिला उपाय : खणून काढा

घराजवळच्या खोडाला हाच मार्ग चांगला, कारण मेलेलं खोड जमिनीत राहिलं तर वाळवी लागते. पाऊस उघडून जमीन वापश्यावर आली की काम सोपं होतं. बुंध्याभोवती दीड-दोन फूट खोल चर घ्या, आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडा आणि सोटमूळ जमिनीखाली फूटभर तरी खाली कापा. सुबाभळीचे बहुतेक धुमारे खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथून येतात. तो भाग निघाला की खालची मुळं आपोआप कुजतात. तोडणी करतानाच तीन-चार फूट खोड उभं ठेवलं तर ते हलवून उपटायला तरफेसारखं कामी येतं.

दुसरा उपाय : उपाशी मारा

यात खर्च नाही, पण चिकाटी लागते. धुमारा वीतभर होण्याआधीच बुडातून ओरबाडून काढायचा, दर पंधरा दिवसांनी, एकही फेरी न चुकवता. फुटवे हातभर वाढू दिले की मुळांची शिदोरी पुन्हा भरली आणि मागची मेहनत पाण्यात. खोड जमिनीलगत कापून त्यावर जाड काळं प्लास्टिक आणि वर माती टाकली तर उजेड न मिळाल्याने फुटवे कमी येतात. मोठ्या खोडाला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. काढलेले कोवळे धुमारे शेळ्यांना घाला, फक्त त्या खोडाला कुठलंही औषध लावलेलं नको.

तिसरा उपाय : औषध, पण जपून

तणनाशक खोडावर नुसतं ओतून उपयोग नाही. मधलं लाकूड मेलेलंच असतं. जिवंत थर असतो सालीच्या लगेच आत, बोटभर रुंदीचा. औषध ब्रशने त्याच कड्यावर लावायचं, तेही ताजा काप घेतल्यावर पाच-दहा मिनिटांत, कारण काप सुकला की औषध आत जात नाही. खोड जुनं असेल तर आधी वरची एक चकती कापून काढा. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, झाड हिरवंगार असताना काम केलेलं बरं. अंगावर पाऊस असेल तर थांबा.

ग्लायफोसेटबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच करायचं बंधन घातलं. त्यामुळे दुकानातून डबा आणण्याआधी तालुका कृषी कार्यालयात विचारा. विहीर, बोअर, ओढा किंवा गोठा जवळ असेल तर औषधाचा विचारच नको. शेजारी त्याच जातीचं ठेवायचं झाड असेल तर तेही धोक्यात येतं, कारण जमिनीखाली मुळं एकमेकांना जुळलेली असू शकतात.

हे करू नका

मीठ, डिझेल, जळकं ऑइल, बॅटरीचं ॲसिड यापैकी काहीही ओतू नका. त्या जागी पुढे भाजीही नीट येणार नाही. पारा तर विषच. खोड पेटवलं तर वरचा भाग जळतो, जमिनीखालची साल जिवंत राहते, आणि धुमसणारी मुळी वाऱ्याने पुन्हा पेटू शकते. विहिरीच्या बांधकामात शिरलेला उंबर किंवा पिंपळ ओढून काढू नका, मुळीबरोबर दगडही निखळतात. असं काम गवंड्याला दाखवूनच करा.

झाड मेल्यावर काय?

खोडाला उभी भोकं पाडा, शेणकाला आणि थोडा युरिया घालून ओलं ठेवा, कुजायला मदत होते. आणि खोड गेलं म्हणजे सुबाभूळ गेली असं समजू नका. शेंगांतून पडलेलं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं. पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपं बोटभर असतानाच हाताने उपटून टाका.

शेवटचं म्हणजे परवानगी. आंबा, चिंच, साग, जांभूळ, फणस, मोह अशी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या परसातलं असलं तरी असं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. सुबाभूळ त्या यादीत नाही. तरीही गाव नगरपंचायत हद्दीत असेल तर कुऱ्हाड उचलण्याआधी कार्यालयात चौकशी करा.