नापासांच्या हाताला गावाचं काम

दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं नव्वद टक्क्यांच्या मुलांनी भरलेली असतात. गणित आणि इंग्रजीत उडालेला मुलगा त्या पानांवर कुठेच नसतो. त्याचं पुढे काय होतं, हे मात्र प्रत्येक गावाला ठाऊक आहे. ‘पुरवणी परीक्षेला बसतो’ असं तो म्हणतो आणि फॉर्म भरायचा राहून जातो. मग कुणाच्या गॅरेजात, कुणा गवंड्याच्या हाताखाली, नाहीतर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर दिवस जातात. तिथे काम शिकवायला कुणी बसलेलं नसतं. ‘पाना दे, घमेलं उचल’ एवढंच चालतं. मुलगी नापास झाली, तर घरात लगेच स्थळांची बोलणी सुरू होतात.

अशा मुलांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हवा असतो एक साधा अनुभव: आपण बनवलेल्या वस्तूची कुणाला तरी गरज आहे आणि तो तिचे पैसे मोजायला तयार आहे. हा अनुभव नशिबावर न सोडता त्याची रीतसर व्यवस्था उभी करता येते, हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावाने दाखवून दिलं. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. तरीही ही व्यवस्था राज्याच्या धोरणाच्या काठावरच उभी आहे, याची खंत वाटते.

दुष्काळी गाव मुद्दाम निवडलं

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्न तंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली वरिष्ठ जागा. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन’चं हे केंद्र. पत्नी मीरा कलबाग या कामात पहिल्यापासून बरोबरीने होत्या. पाबळ हा अवर्षणग्रस्त भाग, पाण्याची कायमची ओढ. पुण्याजवळचं एखादं बागायती गाव त्यांना सहज मिळालं असतं. पण अडचणीच्या गावात जे टिकेल ते इतर गावांतही टिकेल, असा त्यांचा हिशेब होता.

शाळेत मागे पडलेल्या मुलांविषयी कलबागांचं निदान स्पष्ट होतं. वर्गात ऐकणं आणि वहीत उतरवणं या एकाच वाटेने शाळा शिकवते. ज्या मुलाचं डोकं हात चालू झाल्यावर चालतं, त्याच्यासाठी ही वाट बंदच असते. घरचं बंद पडलेलं इंजिन खोलून चालू करणारा मुलगा विज्ञानात नापास होतो, तेव्हा त्याची परीक्षा चुकीच्या दाराने घेतलेली असते. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, तोही हाताच्या कामातून शिक्षणाचाच होता. कलबागांनी त्या विचारात आजच्या गावाला लागणारी कामं आणली: वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, पोल्ट्री, बांधकाम.

चार विभाग, एक वर्ष

आश्रमातला निवासी अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य हे चार विभाग. प्रत्येक विद्यार्थी चारही विभागांतून फिरतो. मुलगे गृह-आरोग्य शिकतात, मुली वेल्डिंगची कांडी हातात धरतात.

एकच धंदा पक्का का शिकवत नाहीत, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर गावाच्या बाजारपेठेत आहे. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात नुसत्या वायरमनला किंवा नुसत्या फॅब्रिकेटरला वर्षभर पुरेल एवढं काम नसतं. तोच माणूस मोटर बसवणार, शेडचं वेल्डिंग करणार आणि कोंबड्यांची एक बॅचही सांभाळणार असेल, तर गाव सोडण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका उदाहरणाने बघू. समजा, एका शेतकऱ्याला पाच हजार लिटर पाण्याची फेरोसिमेंटची टाकी हवी आहे. म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटचा पातळ थर. मुलांनी आधी माप ठरवायचं. टाकी गोल, त्रिज्या एक मीटर. मग उंची किती ठेवायची? वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, पाच घनमीटर पाणी मावायचं, म्हणजे उंची साधारण १.६ मीटर. आता जाळी किती आणायची? परिघाला उंचीने गुणलं की भिंतीचे दहा चौरस मीटर, तळाचे तीन, वर थोडी जोड धरायची. दहावीच्या पेपरात ‘वृत्तचितीचे घनफळ काढा’ या प्रश्नापुढे कोरी जागा सोडणारा मुलगा इथे तेच गणित करतो. कारण चूक झाली तर जाळी कमी पडेल आणि पुन्हा बाजारात जावं लागेल, हे त्याला दिसत असतं.

त्यानंतर येतं कॉस्टिंग. सिमेंट, वाळू, जाळी, सळई, वीज, हत्यारांची झीज, स्वतःची मजुरी असं सगळं मांडून भाव काढायचा. पाबळच्या पद्धतीत कामाइतकंच महत्त्व या कागदाला आहे. हाताखाली राबणाऱ्या पोराला मजुरी मिळते, पण धंद्यात नफा कुठून येतो आणि कुठे गळतो, हे त्याला कुणी सांगत नाही. कॉस्टिंग जमलं की तो स्वतःच्या नावाने काम घेऊ शकतो.

गाव हेच गिऱ्हाईक

ही कामं सरावापुरती करून मोडून टाकायची नसतात. ती गावाला विकली जातात. गावकऱ्यांना सेवा मिळते, आश्रमाला कच्च्या मालाचा खर्च सुटतो आणि मुलाला खऱ्या गिऱ्हाइकाला तोंड द्यावं लागतं. दरवाजा नीट लागला नाही, तर गिऱ्हाईक बोलणारच. शिक्षकाच्या लाल शेऱ्यापेक्षा ते बोलणं जास्त शिकवतं, कारण दरवाजा दुरुस्त करून दिला की ते तिथेच संपतं. नापासाचा शेरा मात्र वर्षानुवर्षं चिकटून राहतो.

गावाच्या अडचणी हाच अभ्यासक्रम मानल्यामुळे आश्रमातून नवी तंत्रंही निघाली. विहीर कुठे खोदायची हे पाणाड्याच्या भरवशावर ठरायचं. आश्रमाने जमिनीचा विद्युत रोध मोजणारं स्वस्त उपकरण बनवलं आणि भूजल सर्वेक्षण करायला मुलांना शिकवलं. लोखंडी त्रिकोण जोडून उभारायचा घुमटाकार ‘पाबळ डोम’ इथलाच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात असे डोम उभे राहिले. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला आली. संगणकावर रेखाटन करून यंत्राने वस्तू कापून काढण्याची सोय, तीही शाळा सुटलेल्या मुलांच्या हाताशी. २००३ साली डॉ. कलबाग गेले. आश्रमाचं काम थांबलं नाही, आणि माझ्या मते हाच त्यांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

मूल शाळेतून गळाल्यावर सावरण्यापेक्षा गळण्याआधीच थांबवावं, या विचाराने हाच अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतही नेला गेला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताचं काम. शिकवायला गावातलाच कारागीर किंवा उद्योजक. पुढे ‘लेंड अ हँड इंडिया’ या पुण्याच्या संस्थेने हा विषय अनेक शाळांपर्यंत पोहोचवला. शाळेचं कुंपण, बाकांची दुरुस्ती, नळजोडणी ही कामं तिथे मुलंच करतात.

दार वेगळं, वाट तीच

प्रत्येक मुलाला कामाचं दार पहिल्याच दिवशी उघडता येईल असं नाही. व्यसन, मारामाऱ्या, घरातली हिंसा यांत अडकलेलं मूल आधी कुणाच्या तरी जवळ यायला हवं. नागपूरला हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात तुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. ‘स्लम सॉकर’ नावाने ते काम वाढलं. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचलं. रोज ठरलेल्या वेळी मैदानावर येणं, संघाचा नियम पाळणं आणि आपली वाट बघणारा एक प्रौढ माणूस असणं, एवढ्याने मूल स्थिरावू लागतं. शिक्षणाचं आणि कामाचं बोलणं त्यानंतर करता येतं.

पैशाचं गणित प्रामाणिकपणे मांडू या

अशा उपक्रमांना ‘सामाजिक उद्योग’ म्हणतात, आणि त्याभोवती एक गैरसमज आहे: धंदा चालला की संस्थेला कुणाच्या मदतीची गरज उरत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ‘होमबॉय इंडस्ट्रीज’चा अनुभव वेगळं सांगतो. तिथले जेझुइट धर्मगुरू ग्रेगरी बॉयल यांनी १९८८ साली टोळ्यांतल्या तरुणांना काम मिळवून द्यायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये बेकरी काढली. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांची पोरं तिथे एकाच भट्टीवर पाव भाजू लागली. सोबत मानसोपचार, कायदेशीर मदत, अंगावरचं टोळीचं गोंदण फुकट काढून देण्याची सोय. या सोबतच्या कामाचा खर्च पावाच्या विक्रीतून कधीच पूर्ण निघत नाही. तो मोठ्या प्रमाणात देणग्यांतून भागतो. २०१० मध्ये पैसा आटला, तेव्हा शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसवावं लागलं. संस्था त्यातून सावरली, पण धडा पक्का आहे.

धंद्याच्या मिळकतीतून माल आणि मजुरी सुटू शकते. नवख्या हातांकडून वाया जाणारं साहित्य, शिकवणाऱ्याचा वेळ, मध्येच पळून गेलेल्या मुलाच्या घरी मारलेल्या खेपा, यांचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात घालता येत नाही. हा खर्च शिक्षणाचा आहे. बारावीच्या, पदवीच्या मुलांवर सरकार खर्च करतं, त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. या मुलांच्या बाबतीत मात्र संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा धरली जाते. हा अन्याय आहे.

आता काय करायला हवं

राज्य मंडळाने काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा नापास हा शेरा काढला आणि अशा मुलांना कौशल्य विकास कार्यक्रमासाठी पात्र ठरवलं. हेतू चांगला होता. पण गुणपत्रिका हातात घेऊन त्या मुलाने जायचं कुठे? २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन. यांपैकी काहीच नसलेल्या दहावी नापासाला या योजनेत जागाच नाही. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर.

यातला मार्ग अवघड नाही. योजनेची शैक्षणिक अट काढून पाबळसारख्या केंद्रांत शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन द्यावं. ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या शाळा वर्षभर दुरुस्तीची, टाक्यांची, कुंपणांची, वायरिंगची कामं काढतातच. त्यांतला ठरावीक वाटा, एका प्रशिक्षित कारागिराच्या देखरेखीखाली, या केंद्रांना द्यावा. कामाचा दर्जा तपासावा आणि पैसे वेळेवर द्यावेत. यासाठी नवी इमारत किंवा नवं महामंडळ लागत नाही.

आणि आपण वाचकांनी करायची गोष्ट याहून सोपी आहे. घराला गेट बसवायचं असेल, शेतात शेड घालायची असेल, सोसायटीची टाकी दुरुस्त करायची असेल, तर आपल्या भागात असं केंद्र आहे का ते विचारा आणि काम तिथे द्या. दानाच्या भावनेने देऊ नका. माप सांगा, मुदत सांगा, चूक झाली तर दुरुस्त करून मागा आणि ठरलेले पैसे त्या मुलाच्या हातात मोजून द्या. ज्याच्यावर आजवर कुणी कसलीही जबाबदारी टाकली नाही, त्याच्यावर भरवसा दाखवण्याची याहून चांगली रीत नाही.