अमूर्ताचा अर्थ

चित्रप्रदर्शनाला गेलेला एखादा सुशिक्षित गृहस्थ एका चित्रापुढे थांबतो. चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रंगाचे थर आहेत आणि काही रेषा आहेत. तो शेजारच्याला हळूच विचारतो, “यात काय आहे?” जाणकार म्हणविणारा शेजारी किंचित हसून सांगतो, “हे अमूर्त आहे.” गृहस्थ ओशाळतो आणि पुढे सरकतो. त्याच्या ज्ञानात काहीच भर पडलेली नसते. आपल्याला कलेतले कळत नाही, एवढी खंत मात्र तो घरी घेऊन जातो. घरी गेल्यावर हाच गृहस्थ देवापुढे हात जोडून ‘निर्गुण’, ‘निराकार’ हे शब्द उच्चारतो, तेव्हा मात्र त्याला कसलीच अडचण वाटत नाही. चित्रातले अमूर्त त्याला परके वाटते आणि देवघरातले अमूर्त इतके ओळखीचे वाटते की त्याविषयी प्रश्नच पडत नाही. आमच्या मते या दोन्ही गोष्टी सारख्याच विचार करण्याजोग्या आहेत.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मूर्त म्हणजे ज्याला आकार आहे, जे इंद्रियांना सापडते ते. अमूर्त म्हणजे तसे नसलेले. पण केवळ नकार सांगून अर्थ स्पष्ट होत नाही. शाळेत व्याकरण शिकताना आपण सर्वांनी ‘भाववाचक नाम’ हा प्रकार घोकलेला आहे. गूळ गोड, ऊस गोड, आंबा गोड. मग ‘गोडी’ हे नाम कोणत्या वस्तूचे? गोडी अशी वेगळी वस्तू बाजारात मिळत नाही. आपण गुळाचा रंग सोडला, उसाची पेरे सोडली, आंब्याचा वास सोडला आणि या सर्वांत सारखे असलेले तेवढे मनाने उचलले. हे सोडणे आणि उचलणे म्हणजेच अमूर्तीकरण होय. ॲरिस्टॉटलने गणितातील वस्तूंविषयी बोलताना जो ग्रीक शब्द योजला त्याचा अर्थ ‘काढून टाकणे’ असा आहे, आणि युरोपातील भाषांत पुढे रूढ झालेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ओढून वेगळे करणे’ असा आहे. तेव्हा अमूर्त म्हणजे अस्पष्ट नव्हे, धूसर नव्हे. ते हेतुपूर्वक केलेल्या त्यागाचे फळ आहे. म्हणून कोणत्याही अमूर्ताविषयी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : काय सोडले? कशासाठी सोडले? आणि जे सोडले त्याची आठवण राहिली आहे की नाही?

तत्त्वज्ञांनी या प्रश्नांवर फार खल केला आहे. शिक्षक फळ्यावर त्रिकोण काढतात आणि म्हणतात, “कोणत्याही त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन.” फळ्यावर असतो तो एकच त्रिकोण, खडूने काढलेला आणि थोडा वाकडाही. मग ‘कोणताही त्रिकोण’ कोठे आहे? 1690 साली लॉकने आपल्या ग्रंथात म्हटले की, त्रिकोणाची सामान्य कल्पना समभुजही नाही, समद्विभुजही नाही, विषमभुजही नाही. ती यांपैकी सर्व आहे आणि एकही नाही. 1710 साली बर्कलीने त्याला हटकले. आपल्या मनात डोकावून पाहा आणि असा त्रिकोण तेथे सापडतो का ते सांगा, असे त्याचे आव्हान होते. त्याचे म्हणणे असे की मनात नेहमी विशिष्ट त्रिकोणच असतो; मात्र सिद्धता देताना आपण त्याच्या विशेषांकडे लक्ष देत नाही, इतकेच. अमूर्त ही वेगळी वस्तू नसून लक्ष देण्याची एक रीत आहे, असा या वादाचा निष्कर्ष काढता येईल.

आपल्याकडे हाच वाद त्याहून कितीतरी आधी झाला. न्याय-वैशेषिकांच्या मते सर्व गायींमध्ये ‘गोत्व’ नावाचे एक नित्य सामान्य राहते, आणि ते आपण गायीइतकेच खरेपणाने जाणतो. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी ते नाकारले. ‘गाय’ या शब्दाने गोत्व नावाचा पदार्थ कळत नाही. जे जे गाय नाही ते ते बाजूला सारले जाते, एवढेच घडते, असे त्यांचे मत. यालाच ‘अपोह’ म्हणतात. ही चर्चा दोन्ही पक्षांनी कित्येक शतके चालविली. नैयायिकांनी या सामान्याला जो दुसरा शब्द वापरला तो वाचकांनी येथे लक्षात ठेवावा. तो शब्द आहे ‘जाति’. त्याच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

आता कलेकडे वळू. पीट माँड्रियान या डच चित्रकाराने 1908 ते 1912 या काळात झाडाची अनेक चित्रे काढली. आधीच्या एका चित्रात लाल रंगात पेटल्यासारखे दिसणारे झाड आहे. ते झाड म्हणून सहज ओळखू येते. 1911 च्या करड्या झाडात फांद्यांच्या कमानी उरल्या आहेत. झाड आणि भोवतालची हवा एकमेकांत गुंतली आहेत. 1912 च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात केवळ वक्ररेषांची लय आहे. नाव वाचले नाही तर झाड आठवणारही नाही. पुढे 1920 नंतर त्यांच्या चित्रांत उभ्या-आडव्या काळ्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढेच रंग राहिले. ही चित्रे क्रमाने पाहिली म्हणजे प्रत्येक पायरीवर काय गळत गेले हे डोळ्यांना दिसते. साल गेली, पाने गेली, ऋतू गेला. राहिला तो ताण आणि तोल. हे चित्रकाराचे अमूर्तीकरण तत्त्वज्ञाच्या अमूर्तीकरणासारखेच आहे. फरक इतकाच की तत्त्वज्ञ वगळून झाल्यावर एक संज्ञा हाती देतो, आणि चित्रकार पुन्हा डोळ्यांना दिसेल अशी वस्तूच हाती देतो. अमूर्त चित्र स्वतः पूर्णपणे मूर्त असते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

परंतु दुसरीही एक वाट आहे. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरास जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि 2001 साली दिल्लीस वारले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना पसंत नव्हते; ती ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत असे ते म्हणत. हा केवळ शब्दांचा हट्ट नव्हे. माँड्रियान झाडापासून निघाले आणि झाड गाळीत गेले. गायतोंड्यांच्या प्रौढ काळातील चित्रांना असे मूळ झाडच नाही. रोलरने आणि सुरीने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, आणि पृष्ठभागातून प्रकाश वर येईपर्यंत थांबायचे, अशी त्यांची रीत. तेथे कशातून काही काढलेले नाही; म्हणून ‘यात काय आहे?’ या प्रश्नाला तेथे जागाच नाही.

हे अवघड वाटते काय? मग आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मैफलीत गवई आलाप करतो. तेथे शब्द नसतात, किंवा असले तरी विरघळून गेलेले असतात. तराण्यात तर अर्थहीन अक्षरेच असतात. षड्जावरून निघालेला स्वर पुन्हा षड्जावर येऊन विसावतो तेव्हा आपण मान डोलावतो. त्या वेळी ‘याचा अर्थ काय?’ असे आपण शेजाऱ्याला विचारीत नाही. वस्तुनिरपेक्ष कलेचा आस्वाद घेण्याची शक्ती आपल्या कानाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोळ्याला तिची सवय मात्र करून द्यावी लागते. प्रदर्शनातल्या त्या गृहस्थाला ‘हे अमूर्त आहे’ म्हणण्याऐवजी ‘हे आलापासारखे पाहा’ असे कोणी सांगितले असते, तर तो ओशाळला नसता.

धर्माच्या क्षेत्रातील अमूर्त समजून घ्यायचे तर अजिंठ्यास जावे. वाघूर नदीच्या वळणावरील दहावे लेणे हे तेथील सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. खांबांच्या दोन रांगांच्या टोकाशी दगडाचा स्तूप आहे. त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. तेथून चालत सव्विसाव्या लेण्यात यावे. हे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. येथेही स्तूप आहे, पण त्याच्या दर्शनी भागावर आसनस्थ बुद्ध कोरलेला आहे, आणि डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची भव्य प्रतिमा आहे. मधले अंतर सुमारे सहा शतकांचे. माणूस आधी मूर्ती पुजतो आणि प्रगल्भ झाल्यावर निराकाराकडे वळतो, असा आपला एक ठाम समज असतो. येथे क्रम उलटा दिसतो. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांतही बुद्धाच्या ठिकाणी रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र किंवा पावले दाखविलेली आहेत. असे का केले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण जो निर्वाणाला गेला त्याची उणीवच त्याचे अस्तित्व सांगते, हा अनुभव ती पावले पाहणाऱ्याला येतो.

त्यासाठी अजिंठ्यापर्यंत न जाताही चालेल. गौरी येतात त्या दिवशी दारापासून आतपर्यंत रांगोळीने पावले काढतात. पूजेला गणपतीची मूर्ती नसली तर तांदळाच्या राशीवर सुपारी मांडून तिच्यावर गणपतीचे आवाहन करतात. गावोगावच्या देवीचा तांदळा म्हणजे शेंदूर फासलेला, नाकडोळे नसलेला पाषाण. पूजा आटोपली की अक्षता वाहून सुपारी हलवितात आणि ती पुन्हा साधी सुपारी होते. देव सुपारीत मावतो, पण सुपारीला बांधला जात नाही, हे आमच्या आजीने एकही ग्रंथ न वाचता जाणले होते.

ग्रंथांचे मतही पाहण्यासारखे आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताची उपासना नाकारलेली नाही. देहधारी माणसाला ती वाट कष्टाची आहे, एवढेच सांगितले आहे. बृहदारण्यक उपनिषद त्याहून पुढे जाते. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत, आणि वायू व आकाश यांना अमूर्त म्हटले आहे. पण प्रकरण तेथे संपत नाही. शेवटी ‘नेति नेति’ हा आदेश येतो. म्हणजे मूर्त हे अंतिम नव्हे, तसे अमूर्तही अंतिम नव्हे. निराकाराचा अभिमान धरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

येथे आमच्या विषयाचा मुख्य मुद्दा येतो. वगळण्याचे प्रकार दोन आहेत. ऊस पिळून रस काढतात तेव्हा चिपाड बाजूला पडते. हाती आलेला रस उपयोगी असतो, पण तो ऊस नव्हे. गणिताचे, विज्ञानाचे आणि व्यवहाराचे अमूर्त या जातीचे आहे. दुसरीकडे विहिरीतला गाळ उपसतात, तेव्हा काढून टाकलेल्याने विहीर उणी होत नाही. झरे मोकळे होतात. ‘नेति नेति’ हे असे उपसणे आहे, आणि गायतोंड्यांसारख्यांची साधनाही बहुधा या प्रकारची आहे. पहिल्या प्रकारात वस्तू रोडावते, दुसऱ्यात ती उघडी होते. घोटाळा होतो तो पहिल्याला दुसरा समजल्यामुळे. रसालाच ऊस समजणे ही बुद्धीची चूक आहे, आणि माणसाच्या बाबतीत तिची किंमत फार मोठी असते.

हेगेलने 1807 च्या सुमारास एक छोटा लेख लिहिला. अमूर्त विचार कोण करतो, हा त्याचा विषय. लोकांना वाटते, विद्वान करतात. हेगेल म्हणतो, नव्हे. फाशी जाणाऱ्या खुन्यात खुन्याखेरीज दुसरे काहीही न पाहणारी गर्दी अमूर्त विचार करते. त्याचे बालपण, त्याचे दुःख, त्याचे रूप, सारे पुसून तिने एक गुण तेवढा ठेवलेला असतो.

आता ‘जाति’ या शब्दाकडे परत येऊ. नैयायिकांचे सामान्य आणि आपल्या समाजातील जात यांना एकच शब्द असावा, यात आम्हांला मोठा बोध दिसतो. समोर आलेल्या माणसाचे कसब, स्वभाव, आवाज, सुखदुःख हे सर्व सोडून देऊन त्याची जात तेवढी उचलणे हे अमूर्तीकरणच आहे; आणि या देशात झालेले ते सर्वांत क्रूर अमूर्तीकरण आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी आहे, आत नाही. सर्वांभूती एकच ब्रह्म आहे असे शतकानुशतके सांगणाऱ्या समाजाने ते मंदिर अस्पृश्यांना खुले केले ते 1947 साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यानंतर. तत्त्व उंच होते. पण त्या तत्त्वावरून खाली उतरून दाराशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत कोणी येत नव्हते.

म्हणून अमूर्ताची कसोटी त्याच्या उंचीत नाही, परतीत आहे. भूमितीच्या त्रिकोणावरून माणूस परत आला की त्याला शेत मोजता आले पाहिजे. माँड्रियान यांच्या रेषा पाहून बाहेर पडल्यावर रस्त्यावरच्या निष्पर्ण झाडातला तोल दिसला पाहिजे. निर्गुणाचे चिंतन करून उठल्यावर दाराशी आलेल्या माणसात जातीपेक्षा अधिक काही दिसले पाहिजे. ज्यांना हे साधत नाही त्यांनी अमूर्ताची भाषा थोडी जपून वापरावी. आणि प्रदर्शनात ओशाळलेल्या त्या गृहस्थाला आमचे सांगणे एवढेच की त्याने पुन्हा एकदा जावे, चित्रापुढे आलाप ऐकायला बसल्यासारखे पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे, आणि तरीही काही दिसले नाही तर तसे मोकळेपणाने म्हणावे.