पौंड, किलो आणि सावित्रीचा रेटा

कशेडीच्या चढाला लागण्याआधी बऱ्याच गाड्या पोलादपूरला थांबतात. हवा भरणारा पोरगा विचारतो, "किती ठेवू?" आपण म्हणतो, "तीस." तीस काय, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. ते पौंड असतात, एका चौरस इंचावरचे. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजनंमापं टप्प्याटप्प्याने आली, वाण्याच्या दुकानातले मण-शेर गेले. टायरमधला पौंड तेवढा राहिला. बाजूला पडलेला जॅक पाच टनी, समोरचा ट्रक सोळा टनी. (पंपाचा घोडा यात धरू नये. तो जोर नव्हे, काम उरकण्याचा वेग.)

शाळेतलं 'बल' गावात जोर, रेटा, ओढ अशा नावांनी वावरतं आणि मोजलं जातं वजनानेच. त्यात वावगं काही नाही, जगभर तसंच चाललं होतं. गोंधळ झाला तो किलोमुळे. किलो म्हणजे वस्तूतलं द्रव्य की पृथ्वीने तिला लावलेली ओढ? १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने निकाल दिला: किलो हे वस्तुमान, वजन हे बल, आणि हिशेबासाठी गुरुत्वत्वरण ९.८०६६५. बलासाठी डाइन होताच, पण तो इतका बारीक की लाख डाइन जमवावेत तेव्हा एक न्यूटन होतो. न्यूटन हे नाव १९४८ साली ठरलं. साधारण १०२ ग्रॅमचं वजन म्हणजे एक न्यूटन. बरा हापूस हातावर ठेवला की दोन-अडीच न्यूटन झाले. आमच्या पिढीने हे परीक्षेपुरतं घोकलं आणि बाजारात पुन्हा किलोच मागितला.

तरी न्यूटन गावात आला, अगदी घरावर चढला. पूर्वी काँक्रीटची प्रत एम-२०० अशी लिहीत: २८ दिवसांच्या ठोकळ्याने चौरस सेंटिमीटरला २०० किलोचा दाब सोसायचा. १९७८ च्या भारतीय मानकापासून तीच प्रत एम-२० झाली. हे वीस म्हणजे चौरस मिलिमीटरवरचे न्यूटन. काटेकोर हिशेबाने २०० किलोचे १९.६ येतात, पण विसाचा आकडा तोंडात बसला. आज स्लॅब टाकताना "एम-ट्वेंटी" म्हणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की आपण न्यूटनचं नाव घेतोय?

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल या सगळ्याच्या आधीचा, १९२८ चा, फूट-पौंडांच्या जमान्यातला. दगडी कमानी. दगड दाब सोसण्यात पक्का, ताणात कच्चा. म्हणून कमान वरचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर रेटून देते. खालून मात्र दुसराच रेटा येतो, पाण्याचा. रस्तेपुलांच्या भारतीय संहितेतलं सूत्र साधं आहे: प्रवाहाच्या वेगाचा वर्ग, त्याला ५२ ने आणि खांबाच्या आकाराच्या गुणकाने गुणायचं. गोल तोंडाच्या खांबाला हा गुणक ०.६६, चौकोनी तोंडाच्या खांबाला १.५. सेकंदाला तीन मीटर धावणारं पाणी गोल खांबाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ३०९ किलोने रेटतं, चौकोनी खांबावर ७०२ किलोने. वेग दुप्पट झाला की दोन्ही आकडे चौपट. आणि सूत्राचं उत्तर न्यूटनमध्ये नव्हे, किलोत येतं, हेही बघण्यासारखं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल पडला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा गाडी पाण्यात गेली. नंतरचे दिवस क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक टांगून गाळात लोखंड शोधलं जात होतं. तीनशे किलो म्हणजे जवळपास २,९४० न्यूटन. त्या आठवड्यात असं रूपांतर करून बघायचं कुणाच्या डोक्यात येणार? काठावर उभं राहून लोक फक्त क्रेनच्या दोराकडे बघत होते.

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. पावसाळ्यात महाड-पोलादपुरात अजूनही पहिला प्रश्न असतो, पाणी किती चढलं? उत्तर मीटरमध्ये येतं. ते किती वेगाने धावतंय, हे कुणी विचारत नाही.