जुनी जीपगाडी घेतांना : गीअर हातचा कीं स्वयंचलित ?

नाणे मावळांत, वडिवळे-कामशेतच्या बाजूस, ज्यांचीं भातखाचरें आहेत त्यांस चारही चाकांस ओढ असलेली गाडी ही चैनीची वस्तु नव्हे. डांबरी रस्ता संपला कीं पुढें पांदण, पांदणीच्या पुढें ओढा आणि ओढ्यापलीकडे चढावर घर किंवा खाचर, अशी पुष्कळांची स्थिति आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरीनें चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नेमक्या याच महिन्यांत खताचीं पोतीं शेतावर न्यावयाचीं असतात, आवणीचीं माणसें आणावयाचीं असतात, दुधाचे कॅन वेळेवर पोहोंचवावयाचे असतात, आणि प्रसंग पडल्यास आजारी माणसास रात्रीं कामशेतास न्यावें लागतें. अशा वेळीं गाडी अडली तर होणारें नुकसान केवळ रुपयांत मोजतां येत नाहीं.

नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून बहुतेक शेतकरी जुनी गाडी पाहूं लागतात. तेथें हल्लीं घरोघरीं एक वाद निघतो. पुण्यास नोकरीस असलेला मुलगा म्हणतो, "आबा, क्लच दाबीत बसण्याचे दिवस गेले, ऑटोमॅटिकच पाहूं." त्यावर वडील म्हणतात, "अरे, ओढ्याकांठीं बॅटरी उतरली तर तुझी ऑटोमॅटिक ढकलून चालू होईल का?" दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें इष्ट वाटतें.

आपल्या प्रांतांत जीपगाडीची ओळख जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या उतरलेल्या जीपगाड्या लोकांच्या हातीं आल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें चाललेल्या कंपनीनें स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईस विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढें तिच्याच जातीच्या अनेक गाड्या निघाल्या; १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. या सर्व गाड्या हातच्या गीअरच्या. त्यामुळें जुनी जीप घेणारापुढें निवड अशी नव्हतीच. पुढें २००८ सालीं स्कॉर्पिओ गाडींत स्वयंचलित गीअर मिळूं लागला. २०२० सालीं आलेल्या नव्या थार गाडींत आणि २०२३ सालीं आलेल्या जिम्नींत दोन्ही प्रकार ठेवण्यांत आले. शहरांत वापरलेल्या अशा गाड्या जुन्या बाजारांत येऊं लागल्या, आणि निवडीचा प्रश्न मावळांतील शेतकऱ्याच्या दारीं येऊन ठेपला.

प्रथम दोहोंची रचना समजून घ्यावी. हातच्या गीअरमध्यें इंजिन आणि गीअरबॉक्स यांच्यामध्यें क्लचप्लेट असते. पाय दाबला कीं प्लेट सुटते, सोडला कीं ती इंजिनाच्या फिरत्या चाकास घट्ट बसते. संबंध एक तर पूर्ण असतो, नाहीं तर नसतो. मधली घसरती स्थिति थोडा वेळच चालते, अधिक वेळ ठेवल्यास प्लेट जळते. स्वयंचलित गीअरमध्यें क्लचच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर यानें १९०५ सालीं जहाजांकरितां जी तेलावर चालणारी युक्ति काढली, तिचेंच हें रूप होय. एक पंखा इंजिन फिरवितें, त्यानें उडविलेलें तेल समोरच्या पंख्यावर आदळून त्यास फिरवितें. मध्यें लोखंडाचा जोड नाहीं, तेलाचा आहे. गाडी उभी असतां इंजिन चालूं राहतें, आणि गाडी हलतेवेळीं हें यंत्र इंजिनाचा जोर सुमारें दुप्पट करूं शकतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. कांहीं गाड्यांत क्लच व गीअर हातचेच असून ते दाबण्या-बदलण्याचें काम यंत्र करतें. त्यास एएमटी म्हणतात. विकणारा त्यासही ऑटोमॅटिकच म्हणतो. परंतु त्यांत तेलाचा जोड नसतो, क्लचप्लेटच असते, आणि चढावर रेंगाळल्यास ती तशीच जळते. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीसंबंधीं आहे.

आतां जी गोष्ट गीअरच्या प्रकाराहूनही महत्त्वाची आहे ती सांगतों. ती म्हणजे लो-रेंज, अर्थात् दुसरी लहान दांडी. जुन्या विलीज सीजे-३बी गाडीचा हिशेब पाहावा. पहिल्या गीअरचें प्रमाण २.८०, लो-रेंजचें २.४६ आणि आंसाचें ५.३८. यांचा गुणाकार सुमारें ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले कीं चाकाचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटास हजार फेरे घेत असतां गाडी तासास साडेतीन किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे बैलाच्या चालीनें चालते. लो-रेंज न लावितां त्याच पहिल्या गीअरांत ती नऊ किलोमीटरांनीं धांवते. दगडगोट्यांच्या चढावर हा फरक फार मोठा आहे. ज्या गाडीस लो-रेंज नाहीं, ती हातच्या गीअरची असो वा स्वयंचलित, आपल्या पांदणीच्या कामाची नव्हे. थार गाडीसुद्धां २०२३ पासून केवळ मागील चाकांस ओढ असलेली निघाली आहे. म्हणून नांवावर न जातां दुसरी दांडी आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहावें.

लो-रेंज दोन्हींत आहे असें धरून पुढील तुलना करूं.

चिखल आणि चढ : येथें स्वयंचलित गीअर सरस ठरतो, हें निःपक्षपातानें मान्य केलें पाहिजे. चिखलांत गीअर बदलतांना हातच्या गाडीची ओढ क्षणभर तुटते, आणि तेवढ्यांत गाडी रुतते. स्वयंचलित गाडीची ओढ अखंड राहते, चाकांस हिसका बसत नाहीं, इंजिन बंद पडत नाहीं. चढावर थांबून पुन्हा निघतांना नवशिक्याच्या हातून क्लच जळतो. स्वयंचलितांत तें भय नाहीं. मात्र चिखलांत फार वेळ रेटारेट केल्यास गीअरचें तेल तापतें, आणि तापलेलें तेल हेंच या यंत्राच्या नाशाचें मुख्य कारण आहे.

उतार : येथें हातचा गीअर भरंवशाचा. लो-रेंजच्या पहिल्या गीअरांत पाय काढून घेतला कीं इंजिनच गाडीस धरून ठेवतें, ब्रेक तापत नाहींत. स्वयंचलित गाडीही खालच्या गीअरांत अडकवून उतरवितां येते, पण तेलाच्या जोडामुळें तिची धर कांहींशी सैल असते, आणि ब्रेकवर अधिक विसंबावें लागतें. ओलसर कातळावरून, मागें दहा पोतीं असतां उतरणाऱ्यानें हा फरक ध्यानांत ठेवावा.

ओढा आणि पाणी : पाणी दोहोंचेंही शत्रु आहे, पण शिक्षा सारखी नाहीं. हातच्या गीअरबॉक्समध्यें पाणी शिरलें तर तेल वेळीच काढून नवें भरल्यास बहुधा निभावतें. स्वयंचलितांत तेलांत पाणी मिसळलें कीं आंतील चकत्यांवरील अस्तर सुटूं लागतें आणि सबंध यंत्र खोलावें लागतें. वाहत्या पुराच्या पाण्यांत कोणतीच गाडी घालूं नये, हें निराळें सांगावयास नको.

आडरानांत बंद पडणें : हातच्या गाडीची बॅटरी उतरली तर चार माणसें ढकलून किंवा उतारावर सोडून ती चालू करतां येते. स्वयंचलित गाडी अशी चालू होत नाहीं. तिला चाकें जमिनीवर ठेवून लांबवर ओढीत नेणेंही घातक, कारण इंजिन बंद असतां तेलाचा पंप फिरत नाहीं व आंतील भाग वंगणावांचून घासतात. ओढण्यापूर्वीं ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्यें ठेवण्याची सोय आहे काय, हें गाडीच्या पुस्तकांत पाहून ठेवावें.

दुरुस्ती : जुन्या गाडीच्या बाबतींत सर्व वाद शेवटीं येथें येऊन थांबतो. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलण्याचें काम तालुक्याच्या गांवचा कोणताही अनुभवी फिटर करतो, आणि खर्च हजारांत मोजला जातो. स्वयंचलित गीअर खोलून बसविणारे कारागीर मोठ्या शहरांतच भेटतात, आणि खर्च लाखाच्या घरांत जाऊं शकतो. नव्या गाडीस हमी असते, जुनीस नसते. जुन्या स्वयंचलित गाडीचा भाव कधीं कधीं मोहांत पाडण्याइतका उतरलेला असतो, त्याचें कारण बहुधा हेंच. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी आवणीच्या ऐन दिवसांत ती महिनाभर शहरांतील कारखान्यांत पडून राहिली, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

मग स्वयंचलित गाडी कोणीच घेऊं नये काय? तसें नाहीं. ज्यांचा डावा गुडघा धरला आहे, ज्यांच्या घरीं गाडी चालविणारें माणूस अर्धवट शिकलेलें आहे, किंवा ज्यांस आठवड्यांतून चार वेळां पुण्याच्या गर्दींत जावें लागतें, त्यांनीं ती अवश्य पाहावी. माणसाची प्रकृति गाडीहून मोलाची आहे. शेतावर एकटी राहणारी वृद्ध माणसें स्वयंचलित गाडीमुळें स्वतः दवाखान्यास जाऊं शकतात, हा लाभ लहान नव्हे. मात्र अशांनीं फार जुनी गाडी घेऊं नये, आणि गीअरचें तेल वेळोवेळीं बदलल्याच्या पावत्या पाहिल्यावांचून इसार देऊं नये.

गाडी पाहावयास जातांना पुढील गोष्टी तपासाव्या :

(१) गाडी थंड असतांना पाहावी. विकणारानें ती आधींच तापवून ठेवली असल्यास संशय धरावा.

(२) हातच्या गाडीस वरच्या गीअरांत हळू चालवीत एकदम वेग द्यावा. इंजिन ओरडतें पण गाडी उचलत नाहीं, तर क्लच घसरतो असें समजावें. क्लच दाबतांच खरखर आल्यास बेअरिंग गेलें. उतारावर पाय काढतांच गीअर आपोआप निसटत असल्यास गीअरबॉक्स खोलावा लागेल.

(३) स्वयंचलित गाडीस ब्रेक दाबून दांडी मागें-पुढें टाकावी. गीअर बसण्यास विलंब लागला किंवा मोठा धक्का बसला, तर ती सोडून द्यावी. तेलाची कांडी असल्यास तेल पाहावें : तें काळें पडून जळका वास येत असेल, किंवा दुधासारखें दिसत असेल, तर सौदा तेथेंच संपवावा.

(४) दोन्ही प्रकारांत लो-रेंज प्रत्यक्ष लावून ओल्या मातींत चालवून पाहावी. पुष्कळ गाड्यांची ती दांडी वर्षानुवर्षे न हलविल्यामुळें गंजलेली असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र अशा जीपगाड्यांची पुढची ओढ लावून चालूं नये. आंस व ट्रान्सफर केस यांवर ताण पडतो.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द लिहिणें, आमची हयात दप्तरांत गेली असल्यामुळें, अस्थानीं होणार नाहीं. सातबारा व फेरफार पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. गाडीचेंही तसेंच आहे. नोंदणीपुस्तकावरील इंजिन व चेसिसचे आंकडे गाडीवरील आंकड्यांशीं स्वतः ताडून पाहावे. कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, हें पाहावें. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. ती मुदत किती उरली, हें किंमत ठरविण्यापूर्वीं पाहावें. जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचा स्वयंचलित गीअर बसवून देतों असें सांगणारे भेटतात. याच कायद्याच्या ५२ व्या कलमानें बनविणाऱ्या कंपनीनें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई केली आहे. अपघात झाल्यास विम्याच्या वेळीं असा फेरबदल अंगाशीं येतो. म्हणून त्या वाटेस जाऊं नये.

सारांश, वडिवळ्याच्या बाजूस पावसाळाभर कामास लागणारी गाडी दहा-पंधरा वर्षांची जुनी घ्यावयाची असेल, तर लो-रेंज असलेली हातच्या गीअरची गाडी घेणें हाच सर्वसाधारण शेतकऱ्यास हितकर मार्ग होय. प्रकृतीच्या कारणानें स्वयंचलित घेणें भाग असेल, तर ती कमी वयाची, पावत्यांसह, आणि दुरुस्तीसाठीं कांहीं रक्कम बाजूस ठेवून घ्यावी. आणि कोणतीही गाडी घेतली तरी मृग नक्षत्राच्या आधीं एकदां तिचें तेल, ब्रेक व दुसरी दांडी तपासून घ्यावी. नांगराचा फाळ आपण जसा पेरणीच्या आधीं पाजवून ठेवतों, तसेंच हें आहे.