एका पाकिटातले वीस केस

“ही नाही. ही कुत्र्याची,” बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या ताई वाकूनही न बघता म्हणाल्या, आणि माझा सकाळपासूनचा एकमेव शोध निकालात निघाला. मी आपला गाडीवाटेच्या मधोमध पडलेल्या त्या वाळक्या विष्ठेपाशी मोठ्या अभिमानाने उभा होतो. ताईंनी काडीने ती फोडून दाखवली. आत पिठाळ भुसा, भाकरीचा. “बिबट्या भाकरी खात नाही.”

पेठ हे सातगाव पठारावरचं मोठं गाव. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेड ओलांडलं की पेठ येतं, आणि पुढे अवसरी घाट उतरला की मंचर. पठारावर पावसाळ्यात बटाटा. आम्ही गेलो तेव्हा तो कधीच निघून गेला होता, रानात ज्वारी उभी होती. घाटाखाली चित्र वेगळं. घोड नदी, डिंभे धरणाचे कालवे आणि नजर पोचेल तिथवर ऊस. पश्चिमेला भीमाशंकरचं अभयारण्य असल्यामुळे शहरातल्या माणसाला वाटतं, बिबट्या तिकडून वाट चुकून इकडे येतो. तो चुकत वगैरे नाही. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत सावली, जवळ पाणी. मादी तिथेच विते. म्हणून तर ऊसतोडीला कोयता लागला की दर हंगामात फडात पिल्लं सापडतात. वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते.

आमचं काम मात्र बिबट्याची विष्ठा वेचायचं, तो काय खातो ते कळावं म्हणून. बिबट्याला ढेकळांतून चालायचा कंटाळा, तो आपल्यासारखाच वाटेवरून चालतो. त्यामुळे गाडीवाटा, कालव्याकडेचा रस्ता, दोन बांध मिळतात ती जागा, हे सगळं पायाखाली घालायचं. फुफाट्यात पंजा उमटलेला दिसतो, नखं न उमटलेला. कुत्र्याची नखं उमटतात. तरसाची विष्ठा हाडांमुळे वाळून खडूसारखी पांढरी पडते. बिबट्याची लांबट, तुकड्यातुकड्यांची, एका टोकाला निमुळती आणि केसांनी गच्च.

तशी एक अखेर मिळाली, साडेनऊच्या सुमाराला, बाभळीखाली. ताईंनी तोंडाला मास्क लावला (या विष्ठेत फीतकृमींची अंडी असू शकतात, श्वासाबरोबर आत जायला नकोत), चिमट्याने ती कागदी पाकिटात घातली. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, बुरशी धरते. पाकिटावर तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, ताजी की जुनी. झालं. एवढ्यासाठी सात किलोमीटर. शिवाय वनखात्याची लेखी परवानगी खिशात हवी, कारण कायद्याने बिबट्याची विष्ठाही अशी उचलून नेता येत नाही.

पुढचं काम खोलीतलं. विष्ठा चाळणीत धरून नळाखाली धुवायची. वास तीन दिवस बोटांना राहतो. माती वाहून जाते, केस आणि हाडांचे तुकडे उरतात. त्या पाकिटातून एक काळी नखी निघाली, कुत्र्याची. पण एका नखीवर निकाल देत नाहीत. धुतलेले केस वाळवून पसरायचे आणि न निवडता वीस उचलायचे. नजर आपोआप मोठ्या, ठसठशीत केसाकडे जाते, तीच चूक. मग एकेक केस काचपट्टीवर.

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा माझा सगळा कंटाळा गेला. केसाच्या आत गाभा असतो आणि प्रत्येक जनावराचा गाभा निराळा. उंदराचा शिडीसारखा, एकावर एक पायऱ्या. सशाचा मक्याच्या कणसासारखा, दाण्यांच्या ओळीच ओळी. शेळीचा गाभा इतका रुंद की केसाची जवळजवळ सगळी जागा तोच व्यापतो, आत जाळी. अधूनमधून बिबट्याचा स्वतःचाच केस सापडतो, अंग चाटताना पोटात गेलेला. ती सही समजायची.

हे असं मोजूनच आपल्या डोंगराच्या पलीकडचं, अकोले तालुक्याचं गणित कळलं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे कॅमेरे लावून 2013 साली दाखवलं की शेतांच्या मुलखात, जंगल नसताना, दर 100 चौरस किलोमीटरमागे जवळजवळ 5 मोठे बिबटे राहतात. त्यांच्या विष्ठा तपासल्या तेव्हा भक्ष्याच्या वजनात 87 टक्के पाळीव प्राणी निघाले. त्यांत एकटे कुत्रे 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा ओट्यावर.

बिबट्या पकडून लांब सोडून द्या, ही मागणी आजही प्रत्येक ग्रामसभेत होते. ती चुकीची ठरवायला मी कोण? 2025 च्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. एरवी असे पट्टे आपण राखणीच्या कुत्र्याला घालतो. पण बिबटे लांब सोडण्याचा प्रयोग जुन्नर भागात होऊन गेला आहे. 2001 पासून बिबटे धरून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर अधिक बिथरतं. हे ओट्यावर बसून सांगणं सोपं नाही, ताईही सांगत नाहीत. त्या एवढंच म्हणतात, “कुत्रं रात्री आत घ्या, तात्या.”

तात्यांचा ओटा आमच्या वाटेवरचा शेवटचा. त्यांचा मोत्या पंधरा दिवसांपूर्वी रात्री भुंकला आणि सकाळी नव्हता. ताईंच्या हातातलं पाकीट बघून त्यांच्या नातीने विचारलं, “ह्यात मोत्या आहे का?”

“असेलही,” ताई म्हणाल्या. “पण केसावरून कुत्रा कळतो बाळा, कुठला कुत्रा ते नाही कळत.”

पोरगी आत गेली. मोत्या ज्यावर झोपायचा ते गोणपाट घेऊन आली. त्याला चिकटलेले तांबूस केस तिने चिमटीने एकेक वेचून ताईंच्या हातावर ठेवले. आता ताईंच्या लाकडी पेटीत, ताडून बघायच्या काचपट्ट्यांमध्ये, एक नवी पट्टी आहे. वर लिहिलंय: कुत्रा, पेठ.